पडकी विहीर, गोबरवायूचा खड्डा आणि विषारी वायू ओळखणारे धातु-ऑक्साइडचे पातळ थर

एप्रिल २०२४ मध्ये अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, नेवासा तालुक्यातील वाकडी या गावी एक अत्यंत शोचनीय दुर्घटना घडली. वापरात नसलेल्या एका विहिरीत शेणाची स्लरी साठविलेली होती. त्या विहिरीत एक मांजर पडले. ते काढावयास एक मनुष्य उतरला, तो वर आला नाही. त्याला काढावयास दुसरा उतरला, त्याच्यामागे तिसरा. अशा रीतीने पाच जण प्राणास मुकले. कमरेला दोर बांधून उतरलेल्या एका इसमास तेवढे वर ओढून वाचविता आले.

अशा बातम्या दरवर्षी कोठून ना कोठून येतात. कधी विहिरीचा गाळ काढताना, कधी गोबरवायूची टाकी साफ करताना, तर कधी घरामागील शौचकूप उपसताना माणसे दगावतात. मरणारे लोक अडाणी अगर बेफिकीर असतात असे नाही. आपल्या माणसास वाचविण्यासाठीच ते आत उडी घेतात. त्यांचा घात होतो तो एवढ्याचमुळे, की आत काय आहे हे त्यांना डोळ्यांनी दिसत नाही व नाकाने कळत नाही.

हवेतील वायू ओळखून इशारा देणारी लहान उपकरणे आता बाजारात सहज मिळतात. पुणे जिल्ह्यातील खेड, मावळ व मुळशी या तालुक्यांतील शेतकऱ्यांना पिंपरीचे संत तुकाराम नगर परिचित आहे. तेथील यशवंतराव चव्हाण स्मृति रुग्णालयात ते रोगी घेऊन जातात, आणि त्याच वस्तीतील डॉ. डी. वाय. पाटील महाविद्यालयांत पुष्कळांची मुले शिकतात. अभियांत्रिकी शिकणारे विद्यार्थी थोडक्या रुपयांच्या संवेदकापासून वायुसूचक यंत्र बनवितात. असा प्रकल्प सर्वत्रच आवडीने केला जातो. मुलगा ते यंत्र घेऊन सुट्टीत घरी आला, आणि त्याच्या भरवशावर गड्याला विहिरीत उतरवावे काय असा प्रश्न वडिलांपुढे आला, तर त्यांनी काय उत्तर द्यावे? हे उत्तर देता यावे इतपत माहिती प्रत्येक शेतकरी कुटुंबास असणे अगत्याचे आहे. ती देण्याच्या हेतूने हा लेख लिहिला आहे.

नाकाचा भरवसा का धरू नये

गोबरवायूत निम्म्याहून अधिक भाग मिथेनचा असतो. उरलेला बहुतेक भाग कार्बन डायऑक्साइडचा असून थोडा अंश हायड्रोजन सल्फाइड या वायूचा असतो. पहिल्या दोन वायूंना वास नाही. मिथेन हवेत शेकडा ५ ते १५ या प्रमाणात मिसळला म्हणजे ठिणगी पडताच त्याचा स्फोट होतो. कार्बन डायऑक्साइड हा हवेच्या सुमारे दीडपट जड असल्याने विहिरीच्या व खड्ड्याच्या तळाशी पाण्यासारखा साचून राहतो आणि प्राणवायूस वर लोटतो.

हायड्रोजन सल्फाइडला मात्र सडक्या अंड्यासारखा वास येतो, आणि येथेच लोक फसतात. हवेच्या दशलक्ष भागांत या वायूचा एक भागही नसला तरी नाकास त्याचा वास कळतो. परंतु तेच प्रमाण दशलक्षात १०० भागांवर, म्हणजे एक लाख लिटर हवेत दहा लिटरवर गेले, की काही मिनिटांतच नाकाची वास घेण्याची शक्ती बधिर होते. उतरणाऱ्यास वाटते की वास गेला, म्हणजे वायू गेला. वस्तुतः वायू वाढलेला असतो व नाक निकामी झालेले असते. प्रमाण दशलक्षात ५०० ते ७०० झाल्यास मनुष्य काही मिनिटांत कोसळतो. १,००० झाल्यास एकदोन श्वासांतच शुद्ध हरपते.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. स्लरीवर साय धरलेली असते, तेव्हा पुष्कळसा वायू खालीच कोंडलेला राहतो. वरून पाहणाऱ्यास खड्डा निरुपद्रवी दिसतो. साय मोडली, पावडा फिरविला अगर कोणी आत पाय घातला, की कोंडलेला वायू एकदम मोकळा होतो. म्हणून क्षणापूर्वी निर्धोक असलेली जागा पुढच्या क्षणी प्राणघातक ठरू शकते.

कंदिलाची कसोटी आणि तिची मर्यादा

आपल्या वाडवडिलांना कोंदट जागेचा धोका ठाऊक नव्हता असे नाही. सांगलीजवळ हरिपूर येथे हळद साठविण्याची जमिनीतील पेवे प्रसिद्ध होती. पेवात साठविलेला माल श्वसन करीत राहतो, त्यामुळे आतील प्राणवायू संपत जातो. यास्तव पेव उघडल्यावर काही काळ ते तसेच मोकळे ठेवावयाचे, मग कंदील आत सोडावयाचा, आणि तो तेवत राहिला तरच माणसाने उतरावयाचे, अशी वहिवाट असे. विहिरीत उतरतानाही ठिकठिकाणी हीच कसोटी लावली जाई.

ही कसोटी तिच्या जागी योग्य होती. साध्या हवेत प्राणवायू शेकडा २१ च्या जवळपास असतो. तो १६-१७ वर आला म्हणजे ज्योत विझते. त्याही खाली गेला म्हणजे माणसाची शुद्ध जाते. म्हणजे माणसाच्या आधी कंदील सूचना देतो. परंतु हळदीच्या पेवाची कसोटी गोबरवायूच्या खड्ड्यास लावणे हे दुहेरी संकट होय. पहिले असे, की दशलक्षात १,००० भाग हायड्रोजन सल्फाइड असला तरी प्राणवायूत म्हणण्यासारखी घट होत नाही. कंदील छान तेवत राहतो आणि त्याच्या उजेडात माणूस मरतो. दुसरे असे, की तेथे मिथेन असल्यास कंदीलच स्फोटास कारण होतो. म्हणून जेथे शेण, मैला, सडका पाला अगर कोणताही सेंद्रिय गाळ आहे तेथे कंदील, काडी, बिडी यांपैकी काहीही नेऊ नये.

तात्पर्य, एकाच खुणेवरून सर्व वायूंची परीक्षा होत नाही. पुढे वर्णिलेल्या नव्या उपकरणांनाही हेच तत्त्व लागू आहे.

कथलाचा थर वायू कसा ओळखतो

तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई करण्यासाठी वापरले जाणारे कथील सर्वांच्या परिचयाचे आहे. या कथलाचा प्राणवायूशी संयोग झाला म्हणजे कथील ऑक्साइड ही पांढरी पूड तयार होते. जस्तापासून होणारे जस्त ऑक्साइड हेही याच जातीचे. हे पदार्थ तांब्याच्या तारेसारखे उत्तम वीजवाहक नाहीत, आणि चिनी मातीसारखे अगदी अवाहकही नाहीत. त्यांतून वीज थोडी थोडी वाहते. अशा पदार्थांना अर्धवाहक म्हणतात.

जपानमधील क्यूशू विद्यापीठातील तेत्सुरो सेइयामा व त्यांचे सहकारी यांनी १९६२ मध्ये असे दाखवून दिले, की जस्त ऑक्साइडचा अत्यंत पातळ थर तापवून त्यातून वीज वाहू दिली, तर सभोवारच्या हवेत वायू मिसळताच त्या विजेच्या प्रवाहात फरक पडतो. त्याच सुमारास नाओयोशी तागुची यांनी कथील ऑक्साइडचा उपयोग करून वायुसूचक सिद्ध केला. जपानी घरांतून स्वयंपाकाच्या गॅसचे स्फोट होत असत, त्यांना आळा घालावा हा त्यांचा हेतू होता. १९६८ पासून असे संवेदक बाजारात आले. आज घरोघरी बसविल्या जाणाऱ्या गॅस-गळतीच्या घंटेत पुष्कळदा हाच कथलाचा थर असतो.

त्याचे कार्य पाटाच्या पाण्याच्या उदाहरणाने सहज समजेल. थरातून वाहणारे विद्युत्कण म्हणजे पाटाचे पाणी समजा. थर २०० ते ४०० अंश सेल्सिअसपर्यंत तापविला, की हवेतील प्राणवायूचे कण त्याच्या पृष्ठभागावर येऊन चिकटतात व थरातील विद्युत्कण धरून ठेवतात. दोन्ही काठांची माती ढासळून पाट अरुंद व्हावा, तसा विजेचा मार्ग त्यामुळे अरुंद होतो आणि प्रवाह क्षीण होतो. ही झाली स्वच्छ हवेतील स्थिती. आता मिथेन, हायड्रोजन सल्फाइड अगर मद्याची वाफ यांसारखा वायू तेथे आला, म्हणजे पृष्ठभागावरील प्राणवायूशी त्याचा संयोग होतो. प्राणवायू निघून जातो, त्याने धरून ठेवलेले विद्युत्कण मोकळे होतात, पाटातील माती उपसली जाते आणि प्रवाह वाढतो. हा वाढलेला प्रवाह मोजून यंत्र घंटा वाजविते.

थर जितका पातळ व त्यातील कण जितके बारीक, तितका हा परिणाम ठळक. रुंद कालव्याच्या काठाची थोडी माती ढासळली तर पाण्यास फारसा अडथळा होत नाही. अरुंद चारीत तेवढ्याच मातीने पाणी तुंबते. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा शंभर कोटीवा भाग. कथील ऑक्साइडच्या कणांचा आकार सुमारे सहा नॅनोमीटरच्या खाली गेल्यास संवेदनक्षमता एकदम वाढते, असे संशोधकांस आढळून आले आहे. पातळ थराची जाडी सामान्यतः एक हजार नॅनोमीटरहून कमी असते. आपल्या डोक्याचा केस याच्या कित्येक पटींनी, म्हणजे सत्तर-ऐंशी हजार नॅनोमीटर जाड असतो.

थर देण्याच्या रीती

इतका पातळ थर द्यावयाचा कसा, अशी शंका येणे साहजिक आहे. त्याच्या अनेक रीती आहेत. त्यांतील एक शेतकऱ्यास आपलीशी वाटेल, कारण ती फवारणीचीच आहे. कथलाच्या क्षाराचे पाण्यातील द्रावण करून ते चारशे-पाचशे अंशांपर्यंत तापविलेल्या काचेवर अतिसूक्ष्म तुषारांच्या रूपाने फवारतात. पाणी उडून जाते, क्षाराचे विघटन होते व काचेवर ऑक्साइडचा एकसारखा थर बसतो. या रीतीस लागणारी साधने फार महाग नसल्याने आपल्याकडील विद्यापीठांतून ती विशेष रूढ झाली. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात अशा पातळ थरांवर अनेक वर्षे संशोधन चालत आले आहे. दुसऱ्या एका रीतीत काच रसायनांच्या द्रावणात बुडवून ठेवतात व थर सावकाश बसू देतात. तिसरीत निर्वात पेटीमध्ये धातूवर आयनांचा मारा करून त्याचे कण काचेवर उडवितात. हिला यंत्रसामग्री मोठी लागते, परंतु थर फार नियमित येतो व एकाच वेळी पुष्कळ संवेदक तयार होतात.

नुसता कथलाचा थर सर्वच वायूंना थोडाबहुत प्रतिसाद देतो. विशिष्ट वायू ओळखावयाचा असल्यास त्यात दुसऱ्या पदार्थाची भर घालावी लागते. हायड्रोजन सल्फाइडसाठी तांब्याचे ऑक्साइड वापरतात, आणि त्याची युक्ती मोठी मनोवेधक आहे. कथील ऑक्साइड व तांबे ऑक्साइड एकमेकांस भिडले म्हणजे त्यांच्या सीमेवर विजेस बांध पडतो. हायड्रोजन सल्फाइड आला, की तांबे ऑक्साइडचे तांबे सल्फाइड होते. हा पदार्थ चांगला वीजवाहक असल्याने तो बांध फुटतो व प्रवाह अनेक पटींनी वाढतो. वायू निघून गेल्यावर थर गरम हवेत पूर्ववत होतो. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात या प्रकारच्या थरांवर काम झालेले आहे.

संकरित पदार्थ

संकरित ज्वारीचा अर्थ शेतकऱ्यास सांगावयास नको. दोन वाणांचे गुण एका ताटात आणावयाचे, हाच संकराचा हेतू. संवेदकांतही असेच संकर केले जातात. धातूचे ऑक्साइड टिकाऊ असते, परंतु ते तापवावे लागते. तापविण्यास वीज लागते, व स्फोटक वायूच्या जागी तापलेला भाग असणे इष्ट नव्हे. उलट पॉलिअॅनिलिन नावाचा एक वीजवाहक बहुवारिक पदार्थ आहे, तो नेहमीच्या तपमानालाच काम करतो. अमोनिया त्याच्या संपर्कात आला, की त्यातील काही हायड्रोजन आयन ओढून घेतो व त्याची वीजवहनशक्ती कमी करतो. परंतु हा पदार्थ एकटा फारसा टिकाऊ नाही. पॉलिअॅनिलिनमध्ये जस्त, कथील अगर टायटॅनियम यांच्या ऑक्साइडचे सूक्ष्म कण मिसळून जो संकरित थर तयार होतो, त्यात दोहोंचे गुण काही अंशी उतरतात. सोलापूर विद्यापीठातील संशोधकांनी अमोनियासाठी अशा थरांचा अभ्यास केला आहे. याचप्रमाणे कार्बनच्या ग्राफीन नामक अतिपातळ पापुद्र्याबरोबरही ऑक्साइडांचे संकर केले जातात.

तथापि संकरित बियाण्यास खत, पाणी व निगा अधिक लागते, तद्वत या पदार्थांनाही काही पथ्ये आहेत. दमट हवेने त्यांचे वाचन बदलते. वायू निघून गेल्यावर मूळ स्थितीत येण्यास त्यांना वेळ लागतो, आणि कालांतराने ते मंदावतात. यांपैकी पुष्कळसे अद्याप प्रयोगशाळेतून शेतावर यावयाचे आहेत.

धातु-ऑक्साइडचा एक प्रकार मात्र चाकणच्या रस्त्यांवरून रोज हजारोंनी धावत असतो. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज सहा या नियमांनुसार मोटारींच्या धुरावर कडक नियंत्रण आले. इंधन व हवा यांचे प्रमाण योग्य राहावे म्हणून धुराच्या नळीत प्राणवायूचा संवेदक बसवितात. तो बहुधा झिर्कोनियम ऑक्साइडचा असतो. तो पातळ थराचा नसतो व त्याचे कार्यही निराळ्या तत्त्वावर चालते. परंतु धातूचे ऑक्साइड तप्त धुरात वर्षानुवर्षे काम करू शकते, हे त्यावरून दिसते.

शेतीच्या कामी उपयोग

कुक्कुटपालन. कोंबड्यांच्या विष्ठेतून अमोनिया निघतो. शेडमध्ये त्याचे प्रमाण दशलक्षात २५ भागांच्या खाली ठेवावे असा सर्वसाधारण दंडक आहे. ते वाढल्यास पक्ष्यांचे डोळे व श्वासनलिका दुखावतात आणि वाढ खुंटते. दिवसभर शेडमध्ये वावरणाऱ्या माणसाचे नाक त्या वासास सरावते, त्यामुळे त्यास तीव्रता कळत नाही. हिवाळ्यात थंडीसाठी पडदे बंद ठेवले म्हणजे धोका वाढतो. येथे संवेदकाचा उपयोग मोठा आहे. त्याच्या इशाऱ्यावरून पडदे उघडता येतात व पंखे चालविता येतात.

केळी व आंबा पिकविणे. फळे पिकविण्यासाठी कॅल्शियम कार्बाइड वापरण्यास बंदी आहे. इथिलीन वायूचा वापर दशलक्षात १०० भागांपर्यंत करण्यास भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने मुभा दिली आहे. पिकवण-कोठीत हे प्रमाण मोजावे लागते. शिवाय पिकणारी फळे कार्बन डायऑक्साइड सोडतात, तो साचू न देता मधून मधून हवा बदलावी लागते. कोठीत शिरण्यापूर्वी दार उघडून हवा खेळू देणे केव्हाही श्रेयस्कर.

धान्याचे गोदाम. किडीच्या बंदोबस्तासाठी अॅल्युमिनियम फॉस्फाइड वापरल्यास ओलाव्याशी संयोग होऊन फॉस्फीन हा अत्यंत विषारी वायू निघतो. दशलक्षात तीन-दशांश भागाहून अधिक फॉस्फीन असलेल्या हवेत काम करू नये, अशी मर्यादा आहे. वासावर विसंबून इतके अल्प प्रमाण ठरविता येत नाही. हे काम परवानाधारक व शिक्षित माणसांनी योग्य मोजयंत्रासहच करावे. राहत्या घरात अगर घराला लागून असलेल्या खोलीत या गोळ्या कदापि वापरू नयेत.

गोबरवायू संयंत्र. नळीच्या सांध्यातून, शेगडीजवळून अगर टाकीच्या घुमटाच्या भेगेतून होणारी गळती ओळखण्यास कथलाच्या थराचा संवेदक उपयुक्त आहे. मिथेन हवेपेक्षा हलका असल्याने स्वयंपाकघरात तो शेगडीच्या वर, छताजवळ बसवावा. सिलिंडरचा गॅस जड असल्याने त्यासाठी संवेदक जमिनीजवळ असावा. ही साधी गोष्ट पुष्कळ घरांत उलटी केलेली आढळते.

संवेदकाच्या उणिवा

आता मूळ प्रश्नाकडे वळू. मुलाने बनविलेल्या यंत्राच्या भरवशावर माणूस विहिरीत उतरवावा काय? याचे उत्तर स्पष्टपणे नकारार्थी आहे. त्यात मुलाच्या हुशारीचा अवमान नाही. त्याची कारणे त्या थराच्या स्वभावातच आहेत.

पहिले कारण असे, की कथलाच्या थरास काम करण्यासाठी हवेतील प्राणवायूच लागतो, हे आपण वर पाहिलेच. ज्या खड्ड्यात प्राणवायू अगदी कमी आहे तेथे त्याचे वाचन विश्वसनीय राहत नाही. म्हणजे नेमक्या प्राणसंकटाच्या जागीच तो फसवू शकतो. शिवाय प्राणवायू किती आहे हे तो सांगत नाही, आणि विहिरीतील पुष्कळसे मृत्यू प्राणवायूच्या अभावानेच होतात. कार्बन डायऑक्साइडसारख्या वायूस तर तो जवळजवळ दादच देत नाही.

दुसरे, तो वायूवायूंत पुरता भेद करीत नाही. मद्याची वाफ, रंगाचा वास, धूर यांनीही तो चाळवतो. तिसरे, हवेतील दमटपणाने त्याचे वाचन बदलते. उन्हाळ्यात लावलेली पट्टी आषाढात चुकते. चौथे, सिलिकोनयुक्त लांबी अगर पॉलिश यांच्या वाफेने तो कायमचा निकामी होऊ शकतो, व वरून पाहता ते समजत नाही. पाचवे, स्वस्त संवेदक प्रथम वापरताना चोवीस तास किंवा अधिक काळ तापवून स्थिर करावा लागतो. लगेच चालू करून लगेच वाचन घेतल्यास ते व्यर्थ होय. सहावे, त्यातील तापलेली तार व उघडे विद्युत्जोड मिथेनच्या सान्निध्यात स्वतःच धोकादायक ठरू शकतात.

बंदिस्त जागेत उतरण्यासाठी जी प्रमाणित चार-वायू मोजयंत्रे मिळतात, ती एकाच थरावर अवलंबून नसतात. त्यांत प्राणवायू, हायड्रोजन सल्फाइड व कार्बन मोनॉक्साइड यांसाठी बहुधा रासायनिक घट असतात आणि ज्वालाग्राही वायूसाठी निराळा घटक असतो. अशा यंत्रास स्फोटक वातावरणात वापरण्याची मान्यता आहे की नाही हे खरेदीपूर्वी पाहावे. आपल्या देशात ही मान्यता देणाऱ्या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेचे मुख्यालय नागपूर येथे आहे. यंत्राची किंमत एका शेतकऱ्यास जड वाटणे साहजिक आहे. परंतु सहकारी संस्था, दूध संघ अगर ग्रामपंचायत यांनी गावासाठी एक यंत्र घेऊन ठेवल्यास ते सर्वांच्या कामी येईल. त्याची तपासणी निर्मात्याने सांगितलेल्या मुदतीत ज्ञात प्रमाणाच्या वायूने करून घेतली पाहिजे. तपासणी न केलेले यंत्र हे न तोललेल्या तराजूसारखे होय.

खड्ड्यात उतरण्याचा प्रसंग आल्यास

(१) शक्यतो कोणीही उतरूच नये. गाळ व स्लरी पंपाने अगर लांब दांड्याच्या साधनांनी बाहेरूनच काढावी. शौचकूप व गटार यांमध्ये संरक्षक साधनांवाचून माणूस उतरविणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा ठरला आहे.

(२) उतरणे अटळ असल्यास गोबरवायू संयंत्राची नळी बंद करून टाकी रिकामी करावी व तोंड उघडून ती काही दिवस मोकळी ठेवावी. नंतर बाहेर ठेवलेल्या पंख्याने नळीवाटे तळापर्यंत ताजी हवा सोडीत राहावे. पंखा व त्याची मोटार खड्ड्याच्या तोंडापासून दूर असावी.

(३) मोजयंत्र दोरीने अगर नळीने आत सोडून वर, मध्ये व तळाशी अशा तिन्ही ठिकाणी वाचन घ्यावे. प्राणवायू शेकडा १९.५ हून कमी, हायड्रोजन सल्फाइड दशलक्षात १० हून अधिक, अगर मिथेन शेकडा अर्ध्या भागाहून अधिक असल्यास उतरू नये.

(४) गाळ ढवळला जाताच हवा बदलते. म्हणून काम चालू असेपर्यंत मोजयंत्र उतरलेल्या माणसाच्या अंगावर चालू स्थितीत असावे व ताजी हवा चालू ठेवावी.

(५) उतरणाऱ्याच्या छातीस व खांद्यांस पट्टा बांधून त्याचा दोर बाहेर पक्का धरावा. त्यास ओढून काढता येईल इतकी, निदान दोन सशक्त माणसे वर असावीत. त्यांनी जागा सोडू नये.

(६) आतील मनुष्य कोसळल्यास कोणीही त्याच्यामागे उतरू नये. दोराने ओढावे, ताजी हवा सोडीत राहावे आणि ११२ या क्रमांकावर मदत व १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. बाहेर काढलेल्यास मोकळ्या हवेत ठेवून श्वास बंद असल्यास कृत्रिम श्वासोच्छ्वास द्यावा व त्वरित रुग्णालयात न्यावे.

(७) वापरात नसलेल्या विहिरी व स्लरीचे खड्डे यांवर मजबूत झाकण अगर जाळी बसवावी. जनावर पडणार नाही तर माणूसही उतरणार नाही.

समारोप

कथलाच्या थराचे हे नाक मनुष्याने मोठ्या कष्टाने घडविले आहे, आणि ते दिवसेंदिवस अधिक तीक्ष्ण होत आहे. कोंबड्यांच्या शेडमध्ये, स्वयंपाकघरात व गोबरवायूच्या नळीवर त्याचा अवश्य उपयोग करावा. महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलाने असे यंत्र करून आणल्यास ते कौतुकाने तेथे बसवावे, आणि ते कोठे चुकते याची नोंद ठेवावयास त्याला सांगावे. अशा नोंदी संशोधकांसही उपयोगी पडतील. परंतु यंत्र काही बोलत नाही, एवढ्यावरून खड्डा निर्धोक समजू नये. कंदील तेवत होता म्हणून उतरलेले आणि वास येत नव्हता म्हणून उतरलेले, असे दोघेही फसले आहेत. घंटा वाजली नाही म्हणून उतरणाऱ्याची त्यांत भर पडू नये.

झाकण, ताजी हवा, प्रमाणित मोजयंत्र व दोर या चारही गोष्टी एकत्र असल्या तरच काम हाती घ्यावे. यांपैकी एक जरी उणी असेल, तर त्या दिवशी काम थांबवावे. गाळ दुसऱ्या दिवशी काढता येतो.